खरपूस की करपट? काळी लागर चाखायला शिकताना

काळ्या रंगाची बिअर टेबलावर आली की आमच्या साताऱ्यात निम्मी मंडळी हात मागे घेतात. "स्टाऊट दिसतेय, जड असणार, कडू असणार." स्टाऊट हा काळ्या बिअरचा वेगळाच प्रकार, पण बाटलीवर लागर लिहिलेलं असलं तरी रंग बघूनच निकाल लागलेला असतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ही बिअर ओळखायला लागणारं सगळं सामान आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे. तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा, कंदी पेढा, भट्टीतला टोस्ट, भाजलेल्या शेंगा. या चवीला मराठीत नेमका शब्द आहे, खरपूस. आणि तीच चव दोन मिनिटं जास्त राहून हातची गेली की दुसरा शब्द आहे, करपट. काळी लागर पारखताना बहुतेक वेळ या दोहोंमधली रेघ शोधण्यातच जातो.

आमच्या घरची बेकरी. टोस्टचा पाव दोनदा भट्टीत जातो. दुसऱ्या खेपेला ट्रे बाहेर आला की वडील एक टोस्ट उचलून मोडायचे आणि तोंडात घालायच्या आधी नाकाशी न्यायचे. वरून दोन ट्रे अगदी सारखे दिसायचे, तरी एक दुकानात जायचा आणि एक बाजूला राहायचा. मोडल्यावर आतून जो वास यायचा त्यावर ते ठरायचं. बिअर चाखायला मी बऱ्याच वर्षांनी शिकलो, पण आधी मोडायचं, मग हुंगायचं आणि शेवटी खायचं, हा क्रम तिथलाच.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना दुकानातही मिळतो, तो घ्या. चाखून झाल्यावर गाडी चालवायची नाही, "दोनच घोट घेतले" असं असलं तरी नाही. एकत्र चाखणारे आम्ही चौघं ज्याच्या घरी बसतो तिथेच मुक्काम करतो.

ही बिअर काळी का असते

बिअरचा रंग येतो माल्टवरून. जव भिजवून, मोड आणून, मग गरम हवेत वाळवले की माल्ट तयार होतो. साध्या पिवळ्या बिअरचा माल्ट साधारण ८० ते ८५ अंशांवर वाळवतात. म्युनिक माल्ट त्याहून वर, १०० अंशांच्या आसपास नेतात आणि त्याला पावाच्या कडेसारखा रंग, वास येतो. त्याही पुढे, २०० अंशांच्या वर भाजला तर कॉफीच्या बियांसारखा काळा माल्ट होतो. काळ्या लागरमध्ये हा शेवटचा प्रकार थोडासाच घालतात. भाताला केशराच्या चार काड्या पुरतात, तसंच हे.

भाजताना जे घडतं त्याला मायार अभिक्रिया म्हणतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली. उष्णतेने साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. आपला कंदी पेढा याच अभिक्रियेवर उभा आहे. खवा भाजत भाजत तपकिरी होतो तेव्हा कढईत हेच चाललेलं असतं. म्हणून जर्मनीतल्या म्युनिकच्या डुंकेल या काळ्या लागरमध्ये सातारकराला पेढा सापडला तर तो मनाचा खेळ नाही.

आता लागर म्हणजे काय ते. जर्मन भाषेत लागर म्हणजे साठवण. ही बिअर थंडीत काम करणाऱ्या यीस्टने आंबवतात, साधारण ८ ते १३ अंशांवर, आणि मग गोठणबिंदूच्या जवळच्या थंडीत काही आठवडे ठेवून देतात. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळ्यात बिअर करायला बंदी घातली गेली. सप्टेंबरअखेर ते एप्रिलची २३ तारीख एवढीच मुभा होती. हिवाळ्यात केलेली बिअर थंड तळघरांत ठेवायची आणि उन्हाळाभर प्यायची. थंडीत सावकाश चालणाऱ्या यीस्टचं तिथे फावलं. त्या काळी माल्ट लाकडाच्या विस्तवावर वाळवत, म्हणून बिअर बहुधा गडदच असे. पिल्सेन या चेक शहरातली सोनेरी लागर, पिल्सनर, आली ती थेट १८४२ मध्ये. काळी लागर ही नवी टूम वाटते, पण ती पिवळीपेक्षा वडीलधारी आहे.

स्टाऊटचं यीस्ट वेगळं. ते १८ ते २२ अंशांच्या उबेत काम करतं आणि स्वतःचा फळांसारखा वास मागे सोडतं. लागरचं यीस्ट मागे फारसं काही ठेवत नाही. त्यामुळे काळ्या लागरमध्ये भाजलेल्या धान्याची चव स्वच्छ, मोकळी लागते आणि घोट संपताना तोंड हलकं होतं. मद्यार्काचं प्रमाणही साधारण साडेचार ते साडेपाच टक्के, म्हणजे दुकानातल्या स्ट्राँग बिअरपेक्षा बरंच कमी. रंग बघून जी जड म्हणून नाकारली जाते ती प्रत्यक्षात इतकी हलकी असते.

कोणती आणायची

तीन नावं लक्षात ठेवा. डुंकेल ही म्युनिककडची, पावाच्या कडेची आणि हलक्या टॉफीची चव, भाजकेपणा जवळपास नाहीच. श्वार्त्सबिअर म्हणजे जर्मनमध्ये काळी बिअर, पूर्व जर्मनीतल्या थुरिंगियाची ओळख. ही जास्त कोरडी असते आणि शेवटी कोको किंवा कॉफीची पुसट छटा येते. तिसरी चेक त्माव्हे, तिच्यात गोडवा आणि भरीवपणा थोडा जास्त. प्रागमधल्या 'उ फ्लेकू' या जुन्या मद्यगृहात ती आजही तिथेच तयार होते.

साताऱ्याच्या दुकानांत यातलं सहसा काही दिसत नाही. पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणी, नळावर काळी लागर आहे का ते आधी फोन करून विचारावं, कारण तिथली यादी बदलत असते. ग्राउलरमध्ये, म्हणजे बिअर घरी न्यायच्या घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून मिळाली तर बर्फाच्या पेटीत ठेवून आणा आणि दोन दिवसांत संपवा. खंबाटकी घाट उतरताना पेटी मागच्या सीटखाली घट्ट बसवावी, नाहीतर हलून हलून निम्मा वायू झाकण उघडताच उडून जातो. बाटलीबंद घेत असाल तर आधी तारीख पाहा. तपकिरी बाटली किंवा कॅन चांगला. हिरव्या आणि पारदर्शक बाटलीतून प्रकाश आत शिरतो आणि हॉप्समधला, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांमधला, कडू घटक बिघडून रबरासारखा उग्र वास तयार होतो. दुकानाच्या काचेत, ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली कितीही नावाजलेली असो, मी घेत नाही.

आधी जीभ लावून घ्या

इथे घाई करू नका. नवीन माणसाची सगळ्यात मोठी अडचण चव न लागण्याची नसते. चव लागते, पण तिला नाव सुचत नाही. त्यासाठी बिअर उघडण्याआधी एक ताट लावा. ताटात एक कंदी पेढा, ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा ज्यावर एक-दोन काळे डाग आहेत असा, लादीपावाची वरची तपकिरी साल, कराडकडचा गडद गूळ, तासगावचे दोन-चार बेदाणे, भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे, कॉफीच्या चार बिया आणि बिनसाखरेची चिमूटभर कोको पावडर.

एकेक पदार्थ आधी हुंगा, मग अगदी थोडा चावा. भाकरी हळू खा. डाग नसलेला भाग आधी, मग डाग असलेला. डागाच्या कडेला, जिथे पांढरं संपून तपकिरी सुरू होतं, तिथली चव खरपूस. डागाच्या मधोमध, जिथे बोटाने घासलं तर काळं लागतं, तिथली करपट. खरपूस चव गोडाकडे झुकते आणि लाळ सुटते. करपट चव जिभेच्या मागे राखेसारखी बसते आणि घसा कोरडा करते. हा फरक भाकरीत एकदा सापडला की ग्लासातही सापडतो. माझ्या अनुभवात कोणत्याही वर्णनाच्या तक्त्यापेक्षा हे ताट जास्त शिकवतं.

मग साधं पाणी प्या आणि पाच मिनिटं थांबा.

त्या दिवशी खर्डा, शेंगदाण्याची तिखट चटणी, लोणचं, पान, तंबाखू यातलं काही आधी नको. तिखटाने जीभ तासभर बधिर राहते. घरात दिवाबत्तीची वेळ असेल तर उदबत्तीच्या खोलीत बसू नका. अत्तर, डिओ लावू नका. अगदी रिकाम्या पोटीही नको. दुपारचं जेवण होऊन दोन-तीन तास झालेत, अशी वेळ बरी.

ग्लास आणि थंडपणा

काचेचा, वर किंचित निमुळता ग्लास घ्या. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. ग्लास दुधा-तुपाच्या भांड्यांबरोबर घासलेला नको, कारण तेलकटपणाचा पुसट थरही फेस मारतो. वेगळ्या घासणीने धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळून विसळा आणि फडक्याने न पुसता उपडा ठेवून वाळवा. बिअर ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास स्वच्छ नाही असं समजा.

घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. एवढ्या थंडीत काळी लागर मुकी होते, फक्त गार आणि कडसर लागते. ती खुलते ७ ते १० अंशांवर. बाटली बाहेर काढून डिसेंबरात पंचवीस मिनिटं ठेवा, मे महिन्यात दहा-बारा मिनिटं पुरे. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवण्याची पद्धत इथे चालणार नाही. बर्फाचा थर वितळून बिअर पातळ होते आणि वास दबतो.

ओतणं, बघणं

ग्लास तिरका धरून काठाने अर्धा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. वर दोन बोटं फेस यायला हवा. एका माणसाला एका बिअरची ८० ते १०० मिलिलिटर पुरते, एका बैठकीत तीन बिअर. त्यापलीकडे जीभ खरं बोलत नाही.

आता ग्लास उचलून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. जी बिअर टेबलावर डांबरासारखी दिसत होती तिच्या कडा डाळिंबाच्या दाण्यासारख्या लालसर दिसतील. डुंकेल तर तांब्याच्या जुन्या हंड्याच्या रंगाची निघते. नवख्यांना हे दाखवलं की ते हमखास थांबून पुन्हा बघतात, आणि काळं म्हणजे जड ही समजूत तिथेच निम्मी सुटते. बिअर नितळ आहे की गढूळ तेही याच उजेडात कळतं. लागर बहुधा नितळ असावी. फेसाचा रंग फिकट तपकिरी, दुधाळ चहावरच्या सायीसारखा. तो किती वेळ टिकतो ते बघा. पापड खाऊन तेलकट ओठाने पहिला घोट घेतलात तर फेस लगेच बसेल, त्याचा दोष बिअरला देऊ नका.

हुंगणं

फेस ताजा असतानाच नाक जवळ न्या. लांब श्वास ओढू नका, दोन-तीन छोटे हुंगे घ्या. मग ग्लासवर तळहात ठेवा, हलका गोल फिरवा, हात काढा आणि पुन्हा हुंगा. पहिला वास धान्याचा असतो. तो ताटातल्या कशाजवळ जातो ते स्वतःला विचारा. पावाची साल? पेढा? कोको? गूळ? उत्तर येत नसेल तर ताटातला तो पदार्थ उचलून हुंगा आणि परत ग्लासाकडे या. यात कमीपणा काही नाही, मी अजूनही करतो.

धान्याच्या मागून हॉप्सचा पुसट वास येतो, ओल्या गवताचा किंवा मसाल्याच्या डब्याजवळचा. काळ्या लागरमध्ये हॉप्सने मागेच राहावं. आंबा, संत्रं असले वास उसळून येत असतील तर बनवणाऱ्याने वेगळं काही केलंय. ते वाईट नाही, पण मग तिला डुंकेल म्हणून गुण देता येणार नाहीत.

घोट

छोटा घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा आणि गिळा. बिअरचा कडूपणा घशाकडे उमगतो, म्हणून एक तरी घोट गिळावाच लागतो. बाकीचे थुंकलेत तरी चालेल. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. ही एक गोष्ट केली की चव दुप्पट मोठी होते, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातली बरीचशी घशामागून नाकात जाते.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. तो फक्त तोंड ओलं करतो. दुसऱ्या घोटाला सुरुवात बघा, गोडसर आहे का. तिसऱ्याला मधला भाग, म्हणजे खरपूसपणा किती खोल आहे. चौथ्याला शेवट. चांगल्या श्वार्त्सबिअरचा भाजकेपणा येतो आणि अंगण झाडल्यासारखा निघून जातो. डुंकेलमध्ये पावाची चव थोडी रेंगाळते. मागे राखेची कोरड उरली, घसा खरखरला, तर माल्ट जास्त भाजलेला आहे किंवा जास्त घातलेला आहे. भाजक्या जवाची टरफलंही हा तुरटपणा देतात, म्हणून काही बिअर बनवणारे टरफलं काढून भाजलेला माल्ट वापरतात.

पाण्याचाही इथे हात असतो. म्युनिकचं पाणी क्षारयुक्त, जड. गडद माल्ट थोडा आम्लधर्मी असतो आणि त्या पाण्याशी त्याचा तोल जमतो, म्हणून तिथे डुंकेल फुलली. पिल्सेनचं पाणी हलकं, तिथे सोनेरी बिअर जमली. बोअरच्या पाण्याने किटलीत थर धरतो ते आपण रोज बघतो, आणि त्या पाण्याचा चहा वेगळा लागतो हेही आपल्याला माहीत आहे. गोष्ट तीच.

ग्लास तळाला येईपर्यंत अर्धा तास जाऊ द्या. बिअर १४-१५ अंशांवर आली की लपलेलं सगळं वर येतं. चांगली असेल तर पेढा अजून स्पष्ट होतो. वाईट असेल तर तेही झाकत नाही.

बिघाड ओळखणं

लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास, जीभ बुळबुळीत वाटणं, हा डायअसिटिल, आंबवताना तयार होणारा एक घटक. यीस्टला शेवटचं काम पूर्ण करायला वेळ दिला नाही किंवा नळाच्या नळ्या अस्वच्छ आहेत. चेक त्माव्हेत तो अगदी पुसट असेल तर खपतो, श्वार्त्सबिअरमध्ये नाही. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड), उकळी कमी पडली. हिरव्या सफरचंदासारखा कच्चा वास म्हणजे बिअर पुरती मुरायच्या आत काढली. आंबलेल्या ताकासारखी आंबट झाक असेल तर जिवाणू शिरलेत.

पाचवा बिघाड मी घरीच पाहिला. एक डुंकेल खास प्रसंगासाठी म्हणून मी फेब्रुवारीत आणून कपाटात ठेवली आणि जूनमध्ये उघडली. त्याच खेपेची दुसरी बाटली फ्रिजमध्ये होती. दोन्ही शेजारी शेजारी ओतल्या. रंग एक, फेस एक. फ्रिजमधलीला पावाची ताजी साल, आणि कपाटातलीला बेकरीत पावसाच्या ओलीने भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास. हे ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे बिअर शिळी होणं. उन्हाळ्याने चार महिन्यांत बाटलीचं काय केलं ते मला एका हुंग्यात कळलं. तुम्हीही मुद्दाम एक बाटली अशी बिघडवून बघा, एकदा तो पुठ्ठा नाकात बसला की आयुष्यभर चुकणार नाही.

गुण देणं

बीजेसीपी ही अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेली बिअर परीक्षकांची संस्था ५० गुणांचा तक्ता वापरते: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण मत १०. दिसण्याला तीनच गुण आहेत हे लक्षात घ्या. सुरुवातीला आकडे राहू द्या, फक्त चार ओळी लिहा: काय दिसलं, कशाचा वास, चव कुठून सुरू होऊन कुठे संपली, आणि पुन्हा प्याल का. लिहून होईपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही हा नियम कडक ठेवा. एकाने "चॉकलेट" म्हटलं की सगळ्यांना चॉकलेटच लागतं.

दोन-तीन बैठका झाल्या की त्रिकोणी चाचणी करा. एकजण तीन सारख्या ग्लासांत बिअर ओततो, दोन ग्लासांत एकच, तिसऱ्यात वेगळी. डोळे मिटून वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या नशिबाने तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून पाच-सहा वेळा करून मोजा. आम्ही डुंकेल आणि स्टाऊट घेऊन केली तेव्हा सगळ्यांना जमली. डुंकेल आणि श्वार्त्सबिअर घेतल्यावर चौघांपैकी एकालाच सातत्याने जमली. आमच्यात सगळ्यात कमी बोलणारा तो. त्याच्या वहीत श्वार्त्सबिअरपुढे "भाकरीच्या डागाची कड" असं होतं आणि डुंकेलपुढे "पेढ्याच्या कढईला खाली लागलेलं, उलथन्याने खरवडलेलं".